अंगणातला कांचन : इंदूरच्या काळ्या मातीत सावलीचे झाड लावताना

इंदुरात घरापुढे सावलीचे झाड लावायचे ठरले की बोलणे बहुधा फुलांच्या रंगावर येऊन थांबते. कोणाला गुलमोहराचा लाल हवा असतो, कोणाला बहाव्याचा पिवळा, आणि त्याप्रमाणे नर्सरीतून रोप घरी येते. पानझडी झाड निवडताना रंगाच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे : हे झाड वर्षातले कोणते आठवडे उघडे असते? थंड देशांत पाने हिवाळ्यात गळतात आणि उन्हाळाभर सावली मिळते, त्यामुळे तिथे हा प्रश्न पडत नाही. आपल्याकडची बरीच झाडे पाण्याचा ताण सोसण्यासाठी पाने गाळतात आणि हा ताण पावसाळ्यानंतर वाढत जाऊन उन्हाळ्याच्या तोंडावर टोकाला पोहोचतो. बहावा मे महिन्यात पिवळ्या घोसांनी लगडलेला असतो तेव्हा त्याच्यावर पान जेमतेमच असते. रस्त्यावरून पाहणाऱ्याला तो सुंदर दिसतो, पण त्याच्याखाली खाट टाकून बसणाऱ्याला ऊन लागते. गुलमोहराचे थोड्याफार फरकाने तेच, शिवाय त्याची मुळे वरवर पसरून फरशी उचलतात आणि पावसाळ्याआधीच्या वादळात त्याच्या फांद्या सहज मोडतात. कडुनिंब मार्चच्या सुमारास पाने टाकतो आणि लगेच नवी धरतो, सावलीच्या बाबतीत त्याची बरोबरी कठीण आहे, परंतु दीड हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर तो पुढे झेपत नाही.

या हिशेबात घरगुती अंगणासाठी माझी पसंती कांचनाला आहे. शास्त्रीय नाव बाउहिनिया व्हेरिएगाटा. साधारण जानेवारीपासून त्याची पाने पिवळी पडून गळू लागतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये उघड्या फांद्यांवर गुलाबी-जांभळी किंवा पांढरी फुले येतात, एप्रिलमध्ये पालवी फुटते आणि मे सुरू होईपर्यंत झाड भरून येते. म्हणजे इंदुरात सकाळचे ऊन हवेसे वाटते तेव्हा फांद्या मोकळ्या असतात आणि पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पाने जागेवर असतात. हे वेळापत्रक दरवर्षी थोडे मागेपुढे होते, भरपूर पाणी मिळणाऱ्या झाडावर पाने जास्त दिवस टिकतात आणि डिसेंबरात झाड बहुधा हिरवेच असते, हे आधी सांगून ठेवलेले बरे. पूर्ण वाढलेला कांचन साधारण ८ ते १० मीटर उंच होतो आणि त्याचा घेर ५ ते ७ मीटर भरतो. एका कुटुंबाच्या अंगणाला एवढे पुरे आहे.

रोप पारखून घेणे

नर्सरीत कांचन मागितल्यास त्याच कुळातले दुसरेच रोप हाती पडण्याची शक्यता बरीच असते, म्हणून इंदुरात कचनार असे सांगून मागावे आणि तरीही स्वतः पाहून घ्यावे. देवकांचन पावसाळा सरताना, पाने अंगावर असतानाच फुलतो, आणि त्याची पानगळ आपल्याला हव्या असलेल्या वेळापत्रकात नीट बसत नाही. त्याच्या पाकळ्या अरुंद आणि एकमेकींपासून सुट्या असतात, तर कांचनाच्या पाकळ्या रुंद, कडेने एकमेकींवर चढलेल्या असतात आणि त्यांपैकी एकीवर गडद रंगाच्या रेषा उमटलेल्या असतात. आणखी खात्री हवी असल्यास पुंकेसर मोजावेत : कांचनाच्या फुलात पूर्ण वाढलेले पुंकेसर पाच असतात, देवकांचनाच्या फुलात बहुधा तीन. हाँगकाँगच्या झेंड्यावर ज्याचे फूल आहे तो गडद जांभळा संकरित प्रकारही काही ठिकाणी विकला जातो. तो दिसायला देखणा आहे, पण जवळजवळ सदाहरित असल्यामुळे आपल्या कामाचा नाही. आपट्याचे पान मात्र लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला अधिक असते, त्यामुळे तिथे गफलत होण्याचे कारण नाही.

फूल नसताना ही लहान रोपे एकमेकांपासून ओळखणे कठीण असते. त्यामुळे उत्तम मार्ग असा की, फेब्रुवारी-मार्चमध्ये नर्सरीत जाऊन फुललेले रोप, किंवा ज्या झाडाच्या बियांपासून रोपे केली ते झाड, पाहून घ्यावे, रोप पक्के करून ठेवावे आणि ते पाऊस पडल्यावर उचलावे. उंच रोपाचा मोह टाळावा. तीन ते चार फूट उंचीचे आणि बुंध्याशी अंगठ्याएवढे जाड रोप हे आठ फुटी किडकिडीत रोपापेक्षा दोन वर्षांत पुढे जाते, कारण उंच रोप लहान पिशवीत फार काळ राहिलेले असते आणि त्याची मुळे पिशवीच्या आत गोल फिरून एकमेकांत अडकलेली असतात. पिशवीच्या तळातून जाड मूळ बाहेर येऊन जमिनीत घुसले असेल, तर ते रोप घेऊच नये. उचलताना ते मूळ तुटते आणि रोपाची वाढ खुंटते.

बियांपासून रोप करणेही सोपे आहे आणि ज्यांना दोन-तीन वर्षांची घाई नाही त्यांनी ते अवश्य करावे. मेच्या सुमारास झाडावरच्या शेंगा तपकिरी होतात. वीतभर लांब, चपटी, टणक अशी ही शेंग भर दुपारच्या उन्हात अचानक तडकते. ‘टक्’ असा स्पष्ट आवाज येतो, दोन्ही फाके पीळ खाऊन उलट दिशांना वळतात आणि बी काही हात दूर उडून पडते. म्हणून शेंगा तडकण्याआधीच काढून कापडी पिशवीत घालून, पिशवीचे तोंड बांधून उन्हात ठेवावी. बी चपटे, गोलसर आणि तपकिरी असते. ते रात्रभर साध्या पाण्यात भिजवून दुसऱ्या दिवशी पिशवीत अर्धा इंच खोल पेरले की साधारण आठ ते पंधरा दिवसांत उगवते. बहाव्याच्या बियांसारखा गरम पाण्याचा किंवा घासण्याचा उपचार लागत नाही. बियांपासून झालेल्या झाडाच्या फुलांचा रंग मूळ झाडासारखाच येईल याची हमी नसते, एवढे लक्षात ठेवावे.

जागा ठरवणे

या कामातला सगळ्यात जास्त विचार इथे खर्च करावा, कारण बाकीच्या चुका सुधारता येतात आणि जागेची चूक झाडाबरोबर वाढत जाते. मध्यप्रदेशात शहरी भागातील वृक्षांच्या परिरक्षणासाठी २००१ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यानुसार झाड स्वतःच्या जमिनीवर असले तरी ते तोडण्यासाठी परवानगी घ्यावी लागते. ‘नंतर काढून टाकू’ या भरवशावर लावणी करू नये.

इंदूर साधारण २२.७ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. मे-जूनमध्ये दुपारी बारा-साडेबाराला सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि झाडाची सावली त्याच्या बुंध्याभोवतीच पडते. त्या वेळी भिंतीला झाडाचा उपयोग नसतो, तिथे छज्जा काम करतो. घर खरे तापते ते तीननंतर पश्चिमेच्या भिंतीतून. मेच्या मध्यावर दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून साधारण ३२-३३ अंश वर असतो आणि नेमक्या पश्चिमेला नसून थोडा उत्तरेकडे झुकलेला असतो. अशा वेळी झाडाच्या उंचीच्या दीडपट लांब सावली पूर्वेकडे पडते. सहा मीटर उंचीच्या झाडाची सावली नऊ मीटरपर्यंत पोहोचते. म्हणून जी खोली संध्याकाळी भट्टी होते तिच्या पश्चिमेला किंवा किंचित वायव्येला कांचन असावा. नैऋत्येला लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण मे महिन्याच्या दुपारसाठी तो आपल्या अक्षांशावर लागू पडत नाही.

दक्षिणेची बाजू शक्यतो मोकळी ठेवावी. २१ डिसेंबरच्या आसपास भर दुपारीही सूर्य साधारण ४४ अंशांवरच असतो आणि दक्षिणेकडून येतो, त्यामुळे झाडाची सावली जवळपास त्याच्या उंचीएवढी लांब पडते. कांचनाची पाने त्या वेळी गळालेली नसतात. दक्षिणेच्या अंगणात झाड असेल, तर थंडीतले वाळत घातलेले कपडे आणि आजी-आजोबांची उन्हातली खुर्ची या दोहोंची अडचण होते.

दुसरा विचार मातीचा. माळव्याची काळी चिकण माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. झाडाची मुळे उन्हाळ्यात हाच ओलावा खेचतात, त्यामुळे पायाजवळ झाड असल्यास पायाखालची माती एका बाजूने अधिक सुकते आणि भिंतीला तिरकी तडे जाण्याचा संभव वाढतो. मूळ भिंत फोडून आत शिरले असे लोक समजतात, वास्तविक बहुतेक वेळा मातीने पाया सोडलेला असतो. मुरमाच्या किंवा खडकाच्या पायावर बसलेल्या घराला हा धोका कमी, खोल काळ्या मातीवरच्या घराला जास्त. घराच्या भिंतीपासून किमान १२ ते १५ फूट अंतर ठेवावे. कुंपणाच्या भिंतीपासून ६ फूट चालतील. सेप्टिक टँक आणि ड्रेनेजच्या पाइपापासून १० फूट दूर राहावे आणि वर विजेच्या तारा असतील तर ती जागा सोडून द्यावी, नाही तर दरवर्षी पावसाळ्याआधी तारांखालच्या फांद्या कशाही तोडल्या जातील. रामबाग, नारायणबाग अशा जुन्या वस्त्यांतल्या चिंचोळ्या प्लॉटवर एवढे अंतर मिळणार नाही. तिथे कांचन लावू नये, पश्चिमेच्या भिंतीवर मांडव घालून वेल चढवावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

खड्डा आणि उंचवटा

दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापवावा आणि त्यात शेणखत, रेती व लाल माती भरावी, हा सर्वत्र सांगितला जाणारा नियम हलक्या जमिनीसाठी ठीक आहे. काळ्या मातीत मात्र असा खड्डा बादलीसारखा वागतो : भोवतालची चिकण माती पाणी सोडत नाही, आतली भुसभुशीत माती ते भराभर शोषते, आणि ऑगस्टमध्ये सलग पाऊस लागला की मुळे पाण्यात उभी राहतात. कांचन कोरडेपणा बराच सोसतो, पण साचलेले पाणी सोसत नाही.

म्हणून आधी निचरा तपासावा. उन्हाळ्यात फूटभर रुंद आणि दीड फूट खोल खड्डा घ्यावा, तो पाण्याने भरून रात्रभर मुरू द्यावा, सकाळी पुन्हा भरावा आणि पट्टी लावून तासाभरात पाणी किती उतरले ते पाहावे. दुसऱ्यांदा भरण्याला महत्त्व आहे, कारण पहिले पाणी उन्हाळ्यातल्या भेगांमधून झरकन निघून जाते आणि निचरा उत्तम असल्याचा भास होतो. तासाला दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा अधिक पाणी उतरत असेल, तर जमिनीच्या पातळीवर लावणी करता येईल. त्याहून कमी उतरत असेल, तर एक ते दीड फूट उंच आणि किमान पाच-सहा फूट व्यासाचा पसरट उंचवटा करून त्यावर रोप लावावे. फूट-दीड फुटाखाली मुरूम लागत असेल तर ती चांगली खूण समजावी. पहारीने मुरूम थोडा फोडून ठेवला की पाण्याला वाट मिळते.

खड्डा रुंद असावा, खोल नसावा. रुंदी मुळांच्या गोळ्याच्या तिप्पट आणि खोली गोळ्याएवढीच ठेवावी, म्हणजे गोळा न उकरलेल्या घट्ट जमिनीवर बसतो आणि पुढे खचत नाही. खड्ड्याच्या बाजू फावड्याने गुळगुळीत झाल्या असतील तर कुदळीने खरवडून ओबडधोबड कराव्यात, कारण गुळगुळीत चिकण भिंतीतून कोवळी मुळे बाहेर पडत नाहीत. भरण्यासाठी निघालेलीच माती वापरावी आणि तिच्यात एक चतुर्थांशापर्यंत चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट मिसळावे. चार तगाऱ्या रेती टाकून काळी माती हलकी होत नाही, उलट सुकल्यावर ती अधिक कडक होते. त्या रेतीचे पैसे कंपोस्टवर खर्च करावेत. वाळवीचा उपद्रव असलेल्या भागात अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळावी. कच्चे शेण, युरिया किंवा कोणतेही दाणेदार खत खड्ड्यात घालू नये.

लावणी

इंदुरात पाऊस जूनच्या उत्तरार्धात स्थिरावतो. पहिल्या सरीला लावणी करण्याची घाई करू नये. दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन खालपर्यंत ओली झाली की, म्हणजे साधारण जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, ढगाळ दिवशी संध्याकाळी रोप लावावे. पिशवी बाजूने चिरून काढावी. गोळ्याच्या कडेने फिरलेली मुळे दिसल्यास धारदार चाकूने गोळ्यावर तीन-चार ठिकाणी उभ्या, अर्धा इंच खोल चिरा द्याव्यात. हे क्रूर वाटते, पण न केल्यास तीच मुळे पुढे जाड होऊन बुंध्याला आवळतात.

बुंधा जिथे रुंदावून मुळांत मिसळतो ती जागा जमिनीच्या वर दिसली पाहिजे, आणि माती नंतर बसणार हे धरून रोप एक-दोन इंच उंचच ठेवावे. पुढे झाडाभोवती पार बांधायची हौस अनेकांना असते. पार बांधायचा तर बुंध्यापासून चार फूट दूर बांधावा आणि आत भर घालू नये, कारण बुंध्यावर माती चढली की साल ओली राहून कुजते.

रोपाला आधार हवा असल्यास काठी पश्चिमेच्या अंगाला, गोळ्याच्या बाहेर ठोकावी, कारण पावसाळी वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो. सुती साडीच्या पट्टीने इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल गाठ मारावी आणि वर्षभरात काठी काढून टाकावी. थोडे हलणारे खोड लवकर जाड होते. कांचनाचा पाला शेळ्या-गायींना फार आवडतो, त्यामुळे जनावरांचा वावर असेल तर पहिली दोन-तीन वर्षे जाळीचे कुंपण असलेच पाहिजे.

पाणी

पाणी घालताना काळी माती फसवते. वरचा थर सुकून भेगाळलेला असतो आणि चार इंच खाली चिखल असतो. म्हणून वार ठरवून पाणी देण्यापेक्षा पातळ लोखंडी सळई मातीत वीतभर खुपसून पाहावी. ती ओली, चिकट माती घेऊन बाहेर आली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. ढोबळ मान सांगायचे तर पहिल्या हिवाळ्यात आठवड्याला १५ ते २० लिटर, पहिल्या उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी २० लिटर, दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात आठवड्याला ४० लिटर आणि तिसऱ्या वर्षी पंधरा दिवसांनी एकदा भरपूर पाणी पुरते. त्यानंतर झाड बहुतेक स्वतःच्या बळावर उभे राहते. नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येणाऱ्या घरात एवढे पाणी झाडासाठी काढणे जड जात नाही. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी खुशाल वापरावे. आरओ यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात, ते फरशी पुसायला घ्यावे, रोपाला सतत घालू नये.

आळे पहिल्या वर्षी दीड फूट त्रिज्येचे करावे आणि दरवर्षी फांद्यांच्या टोकांबरोबर बाहेर सरकवावे. मोठ्या झाडाच्या बुंध्याशी पाणी ओतण्यात अर्थ नसतो. पावसाळा लागताच आळ्याची कड उताराच्या बाजूने फोडून ठेवावी. उन्हाळ्यात जमिनीला पडणाऱ्या भेगा कोवळी मुळे अक्षरशः तोडतात, त्यावर उपाय म्हणजे आच्छादन. वाळलेला पाला किंवा आपल्याकडे सहज मिळणारा सोयाबीनचा भुसा तीन-चार इंच जाड पसरावा, फक्त बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवावी, म्हणजे वाळवी सालीपर्यंत पोहोचणार नाही. अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायचे असतील, तर बुंध्याभोवती किमान चार फूट त्रिज्येचे वर्तुळ उघडे सोडावे आणि त्यापलीकडचे ब्लॉक सिमेंटने न सांधता रेतीवर बसवावेत.

वळण लावणे आणि छाटणी

कांचनाला मोकळे सोडले तर तो जमिनीपासून दोन-तीन फुटांवरच फाटे फोडतो आणि झुडपासारखा पसरतो. फुलझाड म्हणून ते चालते, सावलीचे झाड म्हणून चालत नाही, कारण माणसाला खाली उभे राहता आले पाहिजे. आपल्याला साडेसात-आठ फुटांपर्यंत एकच सरळ खोड हवे. लावणीनंतर दुसऱ्या वर्षापासून सर्वांत जोमदार आणि सरळ शेंडा मुख्य मानावा, त्याच्याशी स्पर्धा करणारा दुसरा शेंडा अर्ध्यावर छाटून मागे टाकावा. खोडावरच्या खालच्या फांद्या मात्र लगेच साफ करू नयेत. त्यांची पानेच खोडाला जाडी देतात आणि सालीवर सावली धरतात. त्या हातभर लांबीवर खुडून ठेवाव्यात आणि खोड मनगटाएवढे झाल्यावर तीन-चार वर्षांत खालून वर क्रमाने काढाव्यात. एका वेळी झाडाचा पाव हिस्सा पालाही कमी होऊ देऊ नये. माळी बहुतेक वेळा एका दिवसात खोड ‘स्वच्छ’ करून देतो आणि मग एप्रिल-मेच्या उन्हात पश्चिमेच्या अंगाची साल भाजून फाटते. अशी उघडी पडलेली साल असल्यास चुना लावावा. सडकेच्या कडेच्या झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे दिसतात, त्यात चुन्याचा हा एक फायदा आहे.

छाटणीचा काळ ठरलेला आहे : फुलोरा संपताच, साधारण एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. कांचनाच्या कळ्या गेल्या पावसाळ्यात वाढलेल्या फांद्यांवर येतात, त्यामुळे ऑक्टोबर ते जानेवारी या काळात छाटले तर त्या वर्षीची फुले कापली जातात. फुलोऱ्यानंतर छाटल्यास शेंगाही कमी धरतात आणि उन्हाळाभर झाडावर लोंबणारा वाळक्या शेंगांचा पसारा आटोक्यात राहतो. फांदी काढताना खोडाला लागून सपाट कापू नये आणि लांब खुंटही ठेवू नये. फांदीच्या मुळाशी सालीचा जो फुगीर कडा असतो, त्याच्या अगदी बाहेरून कापावे, म्हणजे जखम स्वतः भरून येते. मनगटाहून जाड फांदीला आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून एक काप, मग थोडे पुढे वरून काप देऊन तिचे वजन उतरवावे आणि शेवटी खुंट काढावा. असे न केल्यास पडणारी फांदी खोडाची साल सोलत नेते. जखमेवर डांबर किंवा ऑइल पेंट फासण्याची गरज नाही.

दसऱ्याची एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. आपल्या मराठी घरांत सोने म्हणून आपट्याची पाने लागतात आणि आपटा मिळाला नाही की कांचनाच्या फांद्या ओरबाडल्या जातात. पाने जुळी दिसतात एवढ्यावर काम भागवले जाते. शेजाऱ्यांना नाही म्हणणे अवघड असते हे खरे, पण नेमक्या याच फांद्यांवर फेब्रुवारीत कळ्या येणार असतात. पाने खुडून द्यावीत, फांदी मोडू देऊ नये.

कळ्यांच्या बाबतीत मी उदार आहे. फेब्रुवारीत कळ्या हिरव्या आणि घट्ट मिटलेल्या असतानाच खालच्या फांद्यांवरून काढाव्यात. टोकाशी रंग दिसू लागला की त्यांची चव उतरते. देठे काढून, मिठाच्या पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिले की तुरटपणा जातो, आणि मग दह्यात माळवी पद्धतीने किंवा कांदा व दाण्याचे कूट घालून आपल्या पद्धतीने भाजी करावी. औषध फवारलेल्या झाडाच्या कळ्या अर्थातच खाऊ नयेत.

तक्रारी आणि उपाय

लहान रोपाला जानेवारीतल्या कडाक्याच्या रात्री पाला लागण्याची, म्हणजे गोठलेल्या दवाने पाने करपण्याची, भीती असते. अशी रात्र येणार असे वाटले की संध्याकाळी हलके पाणी द्यावे आणि चार काठ्यांवर गोणपाट टाकून सकाळी ते काढावे. तिसऱ्या वर्षानंतर ही काळजी सहसा लागत नाही.

नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील, तर ती लोहाची कमतरता असते; काळ्या जमिनीतल्या चुन्यामुळे लोह असूनही मुळांना मिळत नाही. पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) एक लिटर पाण्यात, थोडा लिंबाचा रस घालून, पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा संध्याकाळी पानांवर फवारावे. याउलट जुनी पाने पिवळी पडत असतील आणि महिना ऑगस्ट असेल, तर बहुधा पाणी साचले आहे, तिथे खताने काहीही होणार नाही, चर काढून पाण्याला वाट करून द्यावी. जानेवारीतल्या पिवळ्या पानांवर कोणताही उपाय करू नये. दरवर्षी कोणी तरी घाबरून त्या वेळी खत-पाणी वाढवतो आणि मग फुले लांबतात.

खोडावर भुशासारखी, जाळ्याने चिकटलेली विष्ठा दिसली की सालखाऊ अळी आहे असे समजावे. जाळे ब्रशने साफ केल्यावर खाली छिद्र सापडते. त्यात तार घालून अळी मारावी आणि रॉकेलचा बोळा बसवून तोंड चिखलाने लिंपावे. मावा आणि पिठ्या ढेकूण कोवळ्या शेंड्यांवर येतात, त्यांना पाण्याचा जोरदार फवारा आणि गरज पडल्यास निंबोळी तेल पुरते.

गळालेली पाने आणि खत

कांचन शेंगवर्गीय कुळातला असला तरी हरभऱ्याच्या किंवा सोयाबीनच्या मुळांवर दिसतात तशा नत्र साठवणाऱ्या गाठी त्याच्या मुळांवर धरत नाहीत, त्यामुळे त्याला बाहेरून खत द्यावेच लागते. ते खत त्याच्याच पानांतून तयार करता येते आणि त्याची शास्त्रशुद्ध पद्धत याच शहरात बसवली गेली. १९२४ मध्ये इंदुरात सुरू झालेल्या वनस्पती उद्योग संस्थेत, म्हणजे आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागी, अल्बर्ट हॉवर्ड १९३१ पर्यंत संचालक होते आणि शेतातला पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती व लाकडाची राख यांचे थर रचून तीन महिन्यांत खत करण्याची त्यांची रीत जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. १९३५ मध्ये गांधीजींनीही इथे येऊन ती पाहिली होती.

घरी तिचे लहान रूप करता येते. जानेवारी-फेब्रुवारीत गळालेली पाने जाळू नयेत आणि कचरागाडीतही देऊ नयेत. तीन फूट लांब-रुंद कोपऱ्यात जाळी उभारून सहा इंच पाने, त्यावर दोन इंच शेण किंवा स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि वर मूठभर माती व थोडी राख, असे थर कमरेएवढ्या उंचीपर्यंत रचावेत. ढीग पिळलेल्या फडक्याइतका ओला ठेवावा. साधारण दोन आठवड्यांनी, मग महिन्याने आणि पुढे दोन महिन्यांनी तो वरखाली करावा. हवा खेळली नाही की वास सुटतो, आणि उन्हाळ्यात पाणी द्यायला विसरले की कुजणे थांबते. फेब्रुवारीत रचलेला ढीग मेअखेर काळा, भुसभुशीत आणि मातीच्या वासाचा झालेला असतो. तो चाळून दुसऱ्या वर्षीच्या रोपाला दहा किलो आणि पाचव्या वर्षापासून वीस-पंचवीस किलो या प्रमाणात, जूनच्या पहिल्या पावसाआधी, फांद्यांच्या टोकांखालच्या वर्तुळात पसरावा, खुरप्याने दोन बोटे खोल मिसळावा आणि चाळणीत उरलेला जाडाभरडा भाग पुढच्या ढिगाच्या तळाशी घालावा.